एकवीस दिवसांचा काढा

रुपाने पेला नाकाशी धरला आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"हे काय देताय तुम्ही त्यांना?"

चुलीपुढे बसलेल्या लहानीने, तिच्या सासूने, मान वर केली नाही. "गुळवेल. डोळखांबच्या रानातली. अंगात ताकद येते."

"किती दिवस?"

"एकवीस झाले आज."

शहापूरच्या लॅबचा रिपोर्ट नुकताच मोबाईलवर आला होता. किडनीचं क्रिएटिनीन दोनच्या पुढे; गेल्या महिन्यात एक होतं. मुंबईच्या डॉक्टरांनी फोनवर पहिलंच विचारलं होतं, गोळी चुकली का, बाहेरचं काही घेतलं का. तिचा नवरा भगीरथ शेजारून "कायच नाय" म्हणाला होता. ऑपरेशन झाल्यापासून दीड वर्ष तिने सकाळ-संध्याकाळ आठच्या गोळ्यांची पाच मिनिटं इकडची तिकडे होऊ दिली नव्हती. तानीला सर्दी झाली तेव्हा दोन वर्षांच्या पोरीला आठ दिवस बापाजवळ फिरकू दिलं नव्हतं. पोर दाराशी रडून रडून झोपायची. आणि हा माणूस गुपचूप पेले रिकामे करत होता.

"खोटं का बोललात?"

"तू आयवर तुटून पडली असतीस," भगीरथ म्हणाला. "तिनं किडनी दिली मला. तिच्या पेल्याला नाय कसा म्हनू?"

"म्हणून तिचीच किडनी घालवायची?"

लहानी उठली. "तोंड सांभाळ गो. माझ्या अंगातला तुकडा हाय तो. मी त्याला इख देईन?"

"विष नाही, आई. ताकद येते तेच वाईट. त्यांचं अंग त्या किडनीला परकी समजतं, मारायला धावतं. गोळ्या त्याला दाबून ठेवतात. तुम्ही त्यालाच खुराक घालताय."

"माझी किडनी माझ्या लेकाला परकी?"

"हो. परकी."

शब्द गिळता आला असता. रुपाने गिळला नाही.

"भिंतीवर कागद लावलाय ना मी? काय द्यायचं नाही, सगळं लिहिलंय त्यात."

"मला वाचता येतो का तो?" लहानी शांतपणे म्हणाली. "डाक्टर तुला समजावत होता तवा मी पन चिरलेलीच पडलेली होते, बाजूच्या खोलीत. मला कोन सांगाया आला?"

रुपाने भिंतीवरच्या त्या कागदाकडे पाहिलं. त्याचाही तिला रागच आला.

डॉक्टरांनी आजच मुंबईला बोलावलं होतं, सकाळची गोळी तपासणीला रक्त दिल्यावरच घ्यायची होती. रुपाने गोळ्या पिशवीत भरल्या, तानीला शेजारी सोडलं. जीप आली तेव्हा लहानी धुवट लुगडं नेसून आधीच आत बसली होती.

"तुम्ही कशाला?" रुपाने विचारलं.

"मी दिला काढा. डाक्टरला मीच सांगनार. हा परत लपवील."

शहापूरपर्यंत रस्ता उखडलेला. खड्डा आला की लहानीचा हात आपसूक भगीरथच्या पोटावर, उजव्या अंगाला खाली, किडनी बसवली होती तिथे जाई, मांडीवरच्या पोराला सावरावं तसा. स्वतःची कूस ती दुसऱ्या हाताने दाबून धरत होती.

रुपा खिडकीकडे तोंड करून बसली. राग तसाच होता.