दोनशे ग्रॅम

बावीस वर्षं मी दारोदार जाऊन लोकांची बाळं तोलली, आणि माझ्याच घरी नातू जन्मला तेव्हा त्याला तोलायला आली नवी सेविका. नियमच तसा: आरोग्यसेविकेने स्वतःच्या घरची नोंद करायची नाही. नियमाबद्दल माझी तक्रार नव्हती. मला खुपत होतं ते नवीला पाहून फुललेलं सुनेचं हसू.

नवीला कामाला लागून जेमतेम आठ महिने झालेले. हात धुऊन ती पलंगावर टेकली मात्र, आणि माझ्याशी "हो" नि "नाही" पलीकडे न बोलणारी सून टाके दुखतात इथपासून सगळं घडाघडा सांगू लागली. हेच मी चार दिवस विचारत होते!

"मावशी, जरा बाहेर बसता?" नवी म्हणाली.

माझ्या घरात, मला! अंगाचा नुसता तिळपापड झाला. बाहेर जाऊन दाराला कान लावला.

"दोन किलो नऊशे," आतून आवाज आला.

मी माझा काटा घेऊनच आत शिरले. सून "आई, राहू द्या ना" म्हणत होती, पण ऐकतंय कोण? बाळाला माझ्या काट्याच्या झोळीत घातलं. तीन किलो शंभर!

"माझ्या नातवाचे दोनशे ग्रॅम कुठे गेले गं?" मी विचारलं. इतकं बरं मला कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं.

नवीने वाद घातला नाही. मिठाची किलोची पिशवी मागून घेतली आणि दोन्ही काट्यांना लावली. तिच्याकडे बरोब्बर एक किलो. माझ्याकडे एक किलो दोनशे.

"झोळी नवीन शिवलीत?" तिने हळूच विचारलं.

शिवली होती, महिन्यापूर्वी. जुनी बाळांना टोचायची, म्हणून जाड कापडाची, आत दुहेरी अस्तर लावून. आधी रिकामी झोळी अडकवून काटा शून्यावर आणायचा, हे तर मीच सगळ्या पोरींना शिकवते. हिलाही मीच शिकवलं. आणि झोळी बदलल्यावर मी स्वतः तेवढंच विसरले.

मग मला मागच्या गल्लीतली शिंपीण आठवली. तिच्या बाळाचं वजन पाच दिवसांपूर्वी दोन किलो सहाशे लिहून, "काळजी नको" सांगून आले होते. अडीचच्या खालचं बाळ असतं तर रोज गेले असते.

"तुझा काटा दे," मी म्हटलं.

नवी सोबतच आली. शिंपिणीचं बाळ मलूल पडलं होतं. मी काटा नवीपुढे केला, तर म्हणे, "हे घर तुमच्या यादीतलं आहे, मावशी. तुम्हीच तोला." मेलीला वाईट वागणंसुद्धा जमत नाही!

दोन किलो दोनशे.

"मागच्या वेळी मी चुकीचं वजन लिहिलं. चूक माझी," मी शिंपिणीला सांगितलं. "याला आत्ताच्या आत्ता दवाखान्यात न्यायचं." नवी रिक्षा आणायला पळालीसुद्धा.

"अशी आणखी दहा घरं आहेत," रिक्षात बसताना मी नवीला म्हटलं. ती म्हणाली, "संध्याकाळपर्यंत दोघी मिळून करू."

शिंपीण एका हाताने बाळ सांभाळत रिक्षात चढू लागली. मी बाळाला घ्यायला हात पुढे केले. तिने माझ्याकडे पाहिलं, आणि बाळ नवीच्या मांडीवर दिलं.

आणि मला ते खुपलं. तेव्हाही.