कोरडं कपाळ

भर दुपारी इस्त्रीवालीच्या दुकानात पाच मिनिटं उभा राहिलेला माणूस नदीतून निघाल्यासारखा बाहेर पडायचा. वर तापलेला पत्रा, इस्त्रीत निखारे आणि खिडकी एवढीशी. म्हणून ती कपड्यांवर शिंपडायचं पाणी अधूनमधून सात वर्षांच्या लेकीच्या कपाळावरही शिंपडायची. गिऱ्हाइकांना तो घाम वाटायचा. पोरीला घाम येतच नव्हता. ती बापावर गेली होती.

बाप अग्नीचा देव, आणि देवांना घाम येत नाही. लग्नाआधीच त्याने सांगून टाकलं होतं, "आम्ही सगळ्यांनी शपथ घेतलीय. माणसाशी संसार चालेल, मूल नाही. मागे अशा एका मुलाच्या रागापायी अख्खं शहर जळालं." पुढे त्याने ती शपथ मोडली. मोडल्याचं दोघांनाही कधी वाईट वाटलं नाही, भीती मात्र रोज वाटायची.

त्या दुपारी एक म्हातारी चादर घेऊन आली. "घाई नाही गं," म्हणत बाकावर बसली. अर्धी चादर झाल्यावर इस्त्रीवालीने सहज वर पाहिलं. म्हातारीच्या कपाळावर घामाचा टिपूस नव्हता.

"ठिणगे, घरात जा."

"आई, अजून चार सदरे घडी घालायचेत."

"बसू दे तिला," म्हातारी म्हणाली. "गुणी आहे पोर. घाम कसा येत नाही गं हिला?"

इस्त्रीवालीने इस्त्री आणखी जोरात दाबली. "आत्ताच तोंड पुसलंय तिचं."

"कधी? मी आल्यापासून तुझा हात काही इस्त्रीवरून निघाला नाही."

म्हातारी उठली आणि तिने पोरीकडे हात केला. इस्त्रीवाली धगधगती इस्त्री उचलून मध्ये उभी राहिली.

"देवाला इस्त्री दाखवतेस?"

"माझ्या पोरीला हात लावेल त्याला दाखवते."

"शपथ आहे आमची."

"तुमची ना? मग तुम्ही पाळा. माझ्या पोरीने कुठे घेतलीय?"

दारात कोळशाचं पोतं धप्पकन पडलं. नवरा आला होता.

"मावशी," तो म्हणाला, "शपथ मी मोडली. मला ने."

"नियम तुला ठाऊक आहे. मूल जगू द्यायचं नाही." म्हातारी पाण्याची देवी होती, पण आवाज कोरडा ठणठणीत. "शपथ सगळ्यात आधी मी मोडली. आणि सात महिन्यांचं माझं लेकरू मीच बुडवलं. मग तुझी का सोडू?"

इस्त्रीवालीने इस्त्री खाली घेतली नाही.

"तेव्हा तुम्हाला कुणी अडवलं नाही?" तिने विचारलं.

"कोण अडवणार? बाप घाबरून पळाला."

आईच्या पाठीमागून ठिणगीने डोकं काढलं. "आजी, बाळाचं नाव काय होतं?"

"ठेवलंच नाही," म्हातारी म्हणाली. "ठेवलं असतं तर हात धजला नसता माझा."

ती पुन्हा बाकावर बसली. 'ठिणगे' ही आईची हाक तिने मघाशीच ऐकली होती. मग उठून म्हणाली, "मूल सापडलं नाही असं बाकीच्या देवांना सांगेन. माझं खोटं दोन दिवस टिकेल, फार तर तीन. उद्या इथे दिसू नका." चादर न घेताच ती निघून गेली.

नवरा लगेच हातगाडी भरू लागला. इस्त्रीवाली मात्र उरलेले कपडे पुढ्यात ओढून बसली.

"अगं, जीव वाचवायचा की सदरे?"

"लोकांचे कपडे चुरगळलेले टाकून जाऊ? तुम्ही सामान बांधा."

संध्याकाळपर्यंत तिने घरोघरी गठ्ठे पोचवले. पहाटे तिघं निघाली. वेस ओलांडल्यावर तिने विचारलं, "अहो, तुमच्यातल्या किती जणांनी मोडली असेल शपथ?"

त्याने जरा विचार केला. "पाळणारे मोजणं सोपं जाईल."

"मग आपण एकटेच का लपतोय?"

"वाऱ्याची एक लेक आहे म्हणतात. डोंगरापलीकडे शिवणकाम करते."

"चला तर," म्हणत तिने गाडीला खांदा लावला.