आप्पांचे नऊ ग्रह

मला बघायला येणाऱ्या मुलांना माझे आप्पा जनरल नॉलेजचे प्रश्न विचारतात. पगार, शेती, पत्रिका हे सगळं आई बघते. आप्पांचं खातं वेगळं. उप्पीट संपलं, चहाचे कप खाली ठेवले गेले, की ते खुर्ची पुढं ओढतात आणि घसा खाकरतात. तेवढ्यावरच निम्मी मुलं पाणी मागतात.

आप्पा म्हणजे पारिसा मगदूम, निपाणीतले तंबाखूचे व्यापारी. तरुणपणी ते सरकारी परीक्षेला बसणार होते. जनरल नॉलेजचं एक जाडजूड पुस्तक त्यांनी तोंडपाठ केलं आणि ऐन परीक्षेच्या तोंडावर आजोबा अंथरुणाला खिळले. आप्पा वखारीत जाऊन बसले ते बसलेच. परीक्षा राहिली, पुस्तक मात्र डोक्यात राहिलं. त्यामुळं आमच्या घरात अजून भारतात पंचवीस राज्यं आहेत, घटनेच्या आठव्या अनुसूचीत पंधरा भाषा आहेत आणि सूर्याभोवती नऊ ग्रह फिरतात. इतिहासाचं एक बरं असतं. बेळगावचं काँग्रेस अधिवेशन चोवीस साली भरलं ते भरलं. रंगीत टीव्ही ब्याऐंशी साली आला तो आला. पण राज्यं फुटतात, भाषा वाढतात, ग्रह कमी होतात, आणि ही बातमी आप्पांना द्यायची कुणाची छाती नव्हती. मी तर मुळीच देणार नव्हते, कारण माझी सगळी सोय त्यातच होती.

आमच्या घरात मुलीला नाही म्हणायचं असेल तर कारण द्यावं लागतं. ‘आवडला नाही’ हे आईच्या लेखी कारणच नव्हे. ते वांग्याच्या भाजीबद्दल बोलावं, मुलाबद्दल नाही. पहिल्यांदा सांगलीचा एक इंजिनिअर आला. त्यानं सगळी उत्तरं आजच्या हिशेबानं बरोबर दिली, आप्पांनी सगळी चूक ठरवली. त्यानं मोबाईल उघडून पुढं केला. आप्पांनी तो बराच वेळ डोळ्यांजवळ धरून बघितला आणि परत दिला. मुलाला बेसिक न्हाय, म्हणाले. पाहुणे फुरंगटून निघून गेले आणि मला वाट सापडली.

त्यानंतर आलेल्या प्रत्येक मुलाला मी मनापासून मदत केली. फोनवर तिसऱ्याच वाक्याला त्यानं ‘लग्नानंतर नोकरी सोडणार ना’ असं विचारलं, की मी आवाज मऊ करायची. आप्पा प्रश्न विचारतात बरं का, पण घाबरू नका, मी उत्तरं सांगते. अठ्ठावीस, बावीस, आठ. शंभर टक्के खरी उत्तरं. दिल्लीहून तपासून आणली असती तरी माझ्यावर कुणाला बोट ठेवता आलं नसतं. मुलगा खूश होऊन यायचा, घडाघडा बोलायचा आणि नापास व्हायचा. मी दाराआड तोंडाला पदर लावून उभी असायची. गावात आप्पांना लोक ‘परीक्षक’ म्हणायला लागले. वखारीवर येणारे दलाल मुद्दाम विचारायचे, काय पारिसाण्णा, औंदा निकाल किती टक्के? आप्पा ऐकून घ्यायचे. आई संतापायची. आमच्याकडं रागवायला कन्नड आणि लाडाला मराठी वापरतात, त्या दिवसांत मराठी क्वचितच कानावर पडायची.

मग वृषभ आला. मी बेळगावच्या खडेबाजारात एका चष्म्याच्या दुकानात डोळे तपासते. हा हिंडलग्याच्या बाजूला एका शाळेत विज्ञान शिकवतो. चष्मा करून घेतला, आणि मग तो दर आठवड्याला कुठंतरी सैल व्हायला लागला. एवढा सैल होणारा चष्मा मी आजवर पाहिला नाही. शेवटी मीच त्याला सांगितलं, की स्क्रू ठीक आहेत, आता घरी माणसं पाठव. त्यानं आण्णाप्पा मामांना मध्ये घालून रीतसर स्थळ आणलं. तेव्हा कुठं मला माझ्या हुशारीचा फास दिसला. या एका मुलाला मला चुकीची उत्तरं पढवायची होती.

त्याला दुकानात बसवून सांगितलं. पंचवीस, पंधरा, नऊ. राज्यं त्यानं गिळली, भाषाही गिळल्या. ग्रहांपाशी अडला.

“मी विज्ञान शिकवतो गं,” तो म्हणाला.

“रविवारी नाही ना शिकवत?” मी म्हणाले. त्यानं मान हलवली, पण ती हो म्हणून की नाही म्हणून, ते मला कळलं नाही.

आम्ही जैन, आमच्यात दिवस मावळायच्या आत जेवणं उरकतात, म्हणून कार्यक्रम दुपारीच ठेवला. वृषभ, त्याचे आईवडील आणि मध्यस्थ मामा आले. उप्पीट झालं, चहा झाला. खुर्ची पुढं सरकली. मी दाराआड उभी होते आणि आयुष्यात पहिल्यांदा मला हसू येत नव्हतं. हा मुलगा गेला तर दुसरा मला नको होता, आणि ते मी कुणाला सांगूही शकत नव्हते.

राज्यं किती? पंचवीस, वृषभ म्हणाला. त्याच्या वडिलांनी चमकून त्याच्याकडं बघितलं. अनुसूचीत भाषा किती? पंधरा. आप्पांच्या भुवया वर गेल्या. मग त्यांनी ग्रह विचारले.

वृषभनं चष्मा काढला, पुसला, परत लावला.

“आठ,” तो म्हणाला. “मला नऊ म्हणायचं होतं. पण उद्या वर्गात पोरांसमोर उभं राहायचंय.”

मला त्याचा असा राग आला, की समोर असता तर चष्माच मोडला असता. एक दिवस खोटं बोलायला काय झालं होतं? आणि त्याच रागात तो मला आणखी आवडला, हेही खरं आहे.

आप्पांनी खुर्ची मागं सरकवली. मग दाराकडं न बघताच म्हणाले, “चंदना, भाईर ये.”

मी बाहेर आले. आईच्या हातातला ट्रे तसाच राहिला.

“आजवर जेवढी पोरं आली, समद्यांची उत्तरं एकसारखी,” आप्पा म्हणाले. “अठ्ठावीस, बावीस, आठ. एकाच मास्तरनं शिकवल्यागत. दुसरा आलता तवा मी दाराकडं बघितलं, तर तू हसत हुतीस. तवाच वळखलं. पोरगं बरोबर बोललं म्हंजे पोरीला नको.”

“म्हणजे तुम्हांला माहीत होतं? ग्रह आठ आहेत ते?”

“त्या सांगलीवाल्यानं मोबाईल दावला तवाच वाचलं की. वाचाय येतंय मला.”

दलालांचे ते टोमणे, तो ‘परीक्षक’, आईचं कन्नड, सगळं या माणसानं माझ्यासाठी मुकाट्यानं अंगावर घेतलं होतं, आणि मी दाराआड त्यालाच हसत होते. मला रडू फुटलं. पाहुणे बसलेले होते, तरीही फुटलं.

“रडतीस कशाला? माझी अडचण निराळीच हाय,” आप्पा म्हणाले. “ह्यानं दोन चुकीची दिली न् एक बरोबर. आता मला कळंना. पास का नापास?”

सगळे माझ्याकडं बघत होते. त्या खोलीत, पाहुण्यांसमोर, असं कुणा मुलीला विचारलेलं मी तरी पाहिलं नव्हतं.

“पास,” मी पुटपुटले.

“मोठ्यानं सांग गं,” आप्पा म्हणाले. “नापास कराय मी हुतो. पास तुझं तुलाच कराय पायजे.”

मी डोळे पुसले आणि मोठ्यानं सांगितलं.