टेलरबाई आजारी पडत नाहीत

वकीलसाहेबांच्या ऑफिसात शिरल्या शिरल्या समोर पाटी होती : 'अशील आधी, बाकी सगळं नंतर.' ती त्यांनी वकिलीच्या पहिल्या वर्षी रंगवून घेतली होती. तेव्हा अशील एकच होता आणि तोही सख्खा मेहुणा. आता अशील झाले होते एकशे चाळीस, आणि प्रत्येक जण आधी. त्यामुळे रोज सकाळी जो सगळ्यांत मोठ्याने ओरडेल तो आधी, आणि बाकीचे आधीवाले उद्यावर.

टेलरबाई कधी ओरडल्या नाहीत. म्हणून त्यांचं अपील उद्यावर जात जात मुदतीच्या चार दिवस पलीकडे जाऊन पडलं.

प्रकरण दुकानाचं होतं. तीस वर्षं ज्या भाड्याच्या दुकानात बाईंनी मशीन चालवलं, ते खाली करा असा निकाल लागला होता. वरच्या कोर्टाने अपील घेतलं तर दुकान वाचायची आशा, नाहीतर महिनाअखेरीला कुलूप. मुदत टळल्याचं साहेबांच्या ध्यानात आलं मंगळवारी दुपारी, जेवताना. घास तोंडातल्या तोंडात फिरायला लागला.

"काका," त्यांनी टायपिस्टला हाक मारली, "उशीर माफ करा म्हणून अर्ज काढा."

टायपिस्टकाकांनी मान वर न करता विचारलं, "आजार कुठला?"

अशा अर्जात अशील आजारी होता असं लिहायचं, ही धंद्याची रीतच. काकांकडे साचे तयार होते. आठवड्यापर्यंत ताप, महिन्यापर्यंत कावीळ, त्यापुढे कंबर. एका अशिलाची कंबर साडेतीन वर्षं दुखली होती. त्याच काळात तो धावण्याच्या शर्यतीत दुसरा आला होता, पण ते वेगळ्या कागदांत. वकिलाची चूक म्हणून आजवर एकही अर्ज या खोलीतून बाहेर पडला नव्हता.

"चार दिवस म्हणजे ताप," साहेब म्हणाले.

बाईंना सहीला बोलावलं. त्या गळ्यात मोजपट्टी तशीच ठेवून आल्या आणि कागद वाचून उभ्याच राहिल्या.

"मला ताप? कधी?"

"गेल्या आठवड्यात."

"गेल्या आठवड्यात मी बावीस गणवेश शिवलेत."

"अहो, कागदावरचा ताप आहे, बाई. अंगात येत नाही तो."

"आणि मालक? रोज सकाळी नऊला उघड्या दुकानाचा फोटो काढून जातो. तुम्हीच म्हणालात ना, एक दिवस बंद ठेवू नका, नाहीतर वापरच नाही म्हणतील? मी रोज हसून उभी राहते फोटोला."

साहेब खुर्चीत मागे रेलले. हसणाऱ्या, ठणठणीत बाईंचे फोटो आता समोरच्या वकिलाच्या पिशवीत असणार.

"मशीनवर बसून ताप आला असं लिहू?" काकांनी सुचवलं.

"खरं काय झालं होतं?" बाईंनी विचारलं.

साहेबांच्या डोळ्यांसमोरून एकशे चाळीस अशील रांगेने गेले, प्रत्येकाच्या काखेत आपापली फाईल आणि तोंड दाराकडे. पण खोटं बोलायलासुद्धा अंगात थोडा जोर लागतो, आणि तो सकाळच्या दोन तारखांत संपला होता.

"मी विसरलो," ते म्हणाले.

"मग तसं लिहा की."

"त्याचा साचा नाही," काका म्हणाले.

साहेबांनी सांगायला सुरुवात केली. काकांनी 'अर्जदार आजारी' एवढं टाइप करून खोडलं. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा त्यांनी हात झटकले. "बोटं ऐकत नाहीत, साहेब. बावीस वर्षांची सवय." शेवटी तो अर्ज साहेबांनी हातानेच लिहिला.

कोर्टात समोरचे वकील उभे राहिले. त्यांच्या कोटाला इतकी कडक इस्त्री होती की ते उठले तरी कोट क्षणभर बसूनच राहिला. फोटो त्यांनी आणले होते, पण ते आता कशालाच लागू पडत नव्हते.

"महोदय, ही शुद्ध बनवाबनवी आहे," ते म्हणाले. "कुठला वकील आपण विसरलो असं लिहून देईल? अशिलाला वाचवण्यासाठी हे चूक झाल्याचं नाटक आहे. आमचे मित्र अजिबात विसरलेले नाहीत."

न्यायाधीशांनी चष्म्यावरून पाहिलं. "मुद्दा विचार करण्याजोगा आहे. वकीलसाहेब, आपण विसराळू आहात याला पुरावा?"

सत्तावीस वर्षांत पहिल्यांदाच साहेबांकडे साक्षीदार घरचा होता. संध्याकाळी त्यांनी बायकोला सांगितलं, तेव्हा ती एवढंच म्हणाली, "किती पानं चालतील?"

दुसऱ्या दिवशी तिने शांतपणे वाचायला घेतलं. स्वतःच्या मुलीचा निकाल आणायला हे दुसऱ्याच शाळेत गेले. आत्याला स्टेशनवर चार तास बसवलं. मला पेट्रोलपंपावर ठेवून घरी पोचले आणि जेवायला वाढ म्हणून मलाच फोन केला.

कडक इस्त्रीवाल्यांनी उलटतपासणी घेतली. "बाई, हे सगळं तुम्ही नवऱ्याला वाचवायला सांगताय, हो ना?"

"वाचवायला?" तिने असं काही विचारलं की न्यायाधीशांनी घाईघाईने पेन उचललं.

उशीर माफ झाला. अपील दाखल झालं आणि निकाल लागेपर्यंत दुकानाला हात लावायचा नाही असा हुकूम निघाला. टेलरबाईंनी बाकावर बसूनच डोळे पुसले. मग बाहेर व्हरांड्यात येऊन त्या म्हणाल्या, "साहेब, तुमचे उपकार फार आहेत. पण आता मला दुसरा वकील बघायला हवा."

"का?"

"का म्हणजे? कोर्टात सिद्ध झालंय की!"

साहेबांनी बायकोकडे पाहिलं. "त्यांचं बरोबर आहे," बायको म्हणाली आणि फाटकाजवळ थांबते म्हणून निघून गेली.

त्यांना वाद घालता येईना. पुरावा त्यांनीच आणला होता. बाकावर बसून त्यांनी नव्या वकिलासाठी सगळ्या तारखा एका कागदावर लिहिल्या, केस दुसऱ्याकडे द्यायला आपली ना नाही म्हणून खाली सही केली.

"चांगलं कोण आहे?" बाईंनी विचारलं.

असं विचारू नये खरं तर. साहेबांनी बराच विचार केला. "तिसऱ्या मजल्यावर एक वकीलबाई बसतात. माझ्याविरुद्ध सात केसेस जिंकल्यात. कडू आहेत, पण डायरी पक्की."

"लिफ्ट?"

"बंद आहे."

फाईल म्हणजे चांगलं बाळसं धरलेलं गाठोडं होतं. साहेबांनी ते उचलून छातीशी धरलं आणि जिन्याला लागले. बाई मागोमाग. दुसऱ्या मजल्यावर ते कठड्याला टेकून उभे राहिले, खालच्या व्हरांड्यातून कुणीतरी "साहेब, माझं काय झालं?" म्हणून ओरडत होतं.

"दमलात. द्या ती माझ्याकडे," बाई म्हणाल्या.

"नको," साहेब धापा टाकत म्हणाले, "तिसऱ्या मजल्यापर्यंत तुम्ही माझ्याच अशील आहात." आणि खाली न बघता ते पुढची पायरी चढले.