कामाला एक, बोलण्याला चार

वजनखोलीत तीन तराजू होते, बेचाळीस वजनं, चार चिमटे, एक तापमापक आणि दोन स्टुलं. त्यांतल्या एकाच स्टुलाची गादी दबलेली होती. तिथं विदा आडनावाचे ओट्टोकाका एकोणीस वर्षं बसत होते.

ग्राहकांची वजनं अचूक आहेत का ते तपासून देणाऱ्या या विभागाची मी प्रमुख होऊन सात आठवडे झाले होते. डॅन्यूबच्या स्लोव्हाक काठावरून रोज पूल ओलांडून मी हंगेरीतल्या कोमारोमला कामाला येत असे. आई हंगेरियन, म्हणून भाषा येत होती. शाळा मात्र सगळी स्लोव्हाक. एका आठवड्यात माझ्याशी बोलली गेलेली वाक्यं मी मोजली होती. सतरा भरली. त्यातली अकरा कँटीनमधल्या पिरोश्कामावशींची. ओट्टोकाकांचं एकही नाही.

त्यांच्यासारखा हात मी विद्यापीठातही पाहिला नव्हता. एक ग्रॅमचं वजन ते चिमट्यानं दहादा उचलून ठेवत, आणि दहा आकड्यांत फरक पडे फक्त तीन मायक्रोग्रॅमचा. बोटं किंचित थरथरली तरी हे साधत नाही. पण एखाद्या ग्राहकाचं वजन झिजलेलं निघालं, तर काका तसं कळवत नसत, नुसता आकडा पाठवत. तक्रारी येत होत्या. वर्षाच्या मूल्यमापनात हे त्यांना सांगणं माझ्याकडे आलं. कसं सांगायचं, याची मी चार दिवस पुलावरून चालताना पुटपुटत तयारी केली.

फॉर्मवर दोन चौकटी होत्या, काम आणि संवाद. गुण एक ते पाच.

"कामाबद्दल तर बोलायलाच नको, काका," मी म्हणाले आणि पहिल्या चौकटीत एक लिहिला. "बोलायचंय ते दुसऱ्याबद्दल." तिथं चार लिहिला आणि अर्धा तास बोलले. आकड्याखाली दोन ओळी लिहा, शंका असली तर फोन करा, वगैरे.

"काही विचारायचंय?"

"नाही." त्यांनी सही केली.

त्यानंतर ते संथ झाले. तासाभराच्या मापाला अर्धा दिवस लावू लागले. एकच वजन पुन्हा, पुन्हा. रुसले असतील, असं मला वाटलं. मी त्यांच्या वाटेला गेले नाही. बाराव्या दिवशी टेबलावर चिठ्ठी होती: "हात गेला. तुला दिसलं ते बरं झालं. महिनाअखेर काम सोडतो. विदा ओट्टो."

मी ती घेऊन पिरोश्कामावशींकडे गेले.

"काय दिलंस तू त्यांना?"

"एक. सगळ्यात वरचा!"

मावशींचा डाव पातेल्यात थांबला. "वरचा? अगं पोरी, इथं एक म्हणजे नापास! माझ्या धाकट्याला गणितात एक मिळाला तेव्हा बापानं सायकल काढून घेतली. शाब्बास म्हणजे पाच."

"आमच्या शाळेत एक म्हणजे उत्तम."

"मग पूल ओलांडताना आकडे उलटे करून आणायचे ना, बाईसाहेब!" त्या हसल्या. माझ्याकडे पाहिलं आणि हसायच्या थांबल्या. "जा. आधी त्यांना सांग."

काका तराजूपाशी होते. मी सगळं सांगितलं. त्यांनी चिमटा पुसून ठेवला.

"ज्यावर अर्धा तास रागावलीस, त्याला चार," ते म्हणाले. "ज्याबद्दल बोलायलाच नको, त्याला एक. मी काय समजायचं?"

"विचारायचं होतंत, काका."

"कुणाला?"

मी त्यांची चिठ्ठी तराजूशेजारी ठेवली.

"आता म्हणतेस ते खरं असेल. पण मला बोलण्यातलं कळत नाही, राद्का. बस इथं. मी ठेवतो, तू लिही. दहा आकड्यांतला फरक पाच मायक्रोग्रॅमच्या आत आला, तर ती चिठ्ठी फाड. नाही आला, तर वर पाठव."

मी शेजारी बसले. त्यांनी एक ग्रॅमचं वजन उचललं. आकडा स्थिर होईपर्यंत आम्ही दोघं श्वाससुद्धा जपून घेत होतो. चौथ्या वेळी चिमटा पारड्याच्या कडेला लागला आणि बारीक आवाज झाला. काका थांबले, हात मांडीवर ठेवला, पुन्हा उचलला. दहाव्या आकड्यानंतर त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

मी सगळ्यात मोठ्या आकड्यातून सगळ्यात लहान आकडा वजा केला. दोनदा केला.

सात मायक्रोग्रॅम.