एका विटेची भिंत

मुलांनो, समजा तुमच्या घराची एक भिंत फक्त एका विटेची आहे. पलीकडे कोणी कूस बदलली तरी इकडे कळतं. कारखान्यांशेजारच्या कुरुळी गावात कामगारांच्या खोल्या अशाच असतात. आता त्या भिंतीजवळ, पाटावर पोथी ठेवून बसलेली अकरा वर्षांची वर्षाली डोळ्यांपुढे आणा.

तिचे बाबा ज्योतीराम सलग दुसऱ्या पाळीत उभे होते. डोळा लागला आणि हात प्रेस मशीनखाली सापडला. ते दवाखान्यात होते. बोटं वाचावीत म्हणून आत्याने सात दिवसांचं पारायण धरलं. तिला अक्षरओळख नव्हती, म्हणून वाचायचं वर्षालीने. मोठ्याने वाचायचं, जागा बदलायची नाही, अध्याय संपेपर्यंत कोणाशी बोलायचं नाही, हे आत्याचे नियम.

भिंतीपलीकडचा प्रीतम रात्रपाळीला जायचा आणि दिवसा झोपायचा. पाच दिवस त्याने भिंतीवर बुक्क्या मारल्या. सहाव्या दुपारी तो दारातच आला.

"ए पोरी, बंद कर ते!"

वर्षाली वाचत राहिली.

"बहिरी हायेस का? तुझ्याशीच बोलतोय!"

अध्यायाच्या वीसेक ओव्या उरल्या होत्या. तिने मान वर केली नाही.

"माज बघा टीचभर पोरीचा!"

"देवाचं चाललंय," आत्या कडाडली. "कानात बोळे घाल की मेल्या!"

"घालूनच झोपतो! काल मशीनवर डुलकी लागली मला. झोप नसलेल्या माणसाचं प्रेसवर काय होतं, विचारा तुमच्या भावाला!"

दार आपटून तो गेला. वर्षालीने वाचता वाचता दाराकडे पाहिलं.

"थांबू नको," आत्या म्हणाली. "आणखी मोठ्यानं वाच. ऐकू दे त्याला."

अध्याय संपला. आता बोलता येत होतं.

"आत्या, मी गच्चीवर बसते."

"जागा मोडलीस तर पाच दिवस फुकट! बापाची बोटं गेली तर त्याचं पाप तुला!"

वर्षालीने पोथी फडक्यात बांधली, पाट काखेत मारला आणि लोखंडी जिना चढली. गच्ची तापली होती. पाण्याच्या टाकीमागे हातभर सावली होती. तिथे तिने पाट मांडला.

"खाली ये म्हणते ना!" आत्या जिन्यातून ओरडत वर येत होती.

वर्षालीने पुढच्या अध्यायाची पहिली ओवी मोठ्याने वाचली. आता अध्याय संपेपर्यंत तिला कोणालाच उत्तर द्यायचं नव्हतं.