पाचवं शील

गोजरबाईने मडक्यावर दगड उगारला, तेवढ्यात मागून मालन म्हणाली, "फोडू नका, अक्का."

"का? हार घालू का त्याला?"

पुढच्या अंगणात मांडव पडला होता. आज लेक बेबीनंदाचं लग्न, नवरदेव केदारखेड्याचा मास्तर. विहारात पंचशील म्हणताना गोजरबाई चार शीलं ठणकावून म्हणे आणि पाचव्याला, दारू वर्ज्य करायच्या शीलाला, तोंड मिटून घेई. चौथं खोटं न बोलण्याचं; ते म्हणून लगेच पाचवं म्हणायला तिची जीभ धजत नसे. नवरा विहिरीच्या कामावर पाय मोडून बसला, तेव्हापासून सात वर्षं हातभट्टीवरच घर चाललं, लेक सातवी शिकली. "आई, माझ्या लग्नात तरी पाचवं म्हण," एवढंच लेकीने मागितलं होतं. भट्टी पंधरा दिवसांमागे विझवली. हे मडकं तेवढं राहिलं होतं.

"मला द्या," मालन म्हणाली. "दोन लेकरं हाएत. खुरपणीवर भागून न्हाई राह्यलं."

गोजरबाईचा हात खाली आला. मालनचा नवरा तातेराव गोजरबाईच्याच ओसरीवर पिऊन पिऊन गेल्या पोळ्याला मेला. त्याआधी मालन दोनदा आली होती, त्याला देऊ नका म्हणत. दोन्ही वेळा गोजरबाईने तिला चार बायकांत झापलं होतं, "तुझा नवरा तुला आवरंना, अन् माझ्या दारावर चौकी बसवती का?" बायका हसल्या होत्या. सगळ्यांत मोठ्याने गोजरबाईच.

"तुला ठावं हाये ना, याच मडक्यातली..."

"ठावं हाये. म्हणून तर तुमच्याकडं आले. दुसरं कोण शिकवंल?"

गोजरबाईने दगड टाकला. मडकं उचलून मालनच्या हातांत दिलं, भट्टीची नळीही दिली.

"एक ध्यानात ठेव. कोणाची बायको आली, देऊ नका म्हणत, तर माझ्यासारखं तोंड सोडू नको."

"मंग काय म्हणू तिला?"

गोजरबाई हात न धुताच मांडवाकडे वळली.

पंचशील सुरू झालं. चौथं झालं. पांढऱ्या साडीतल्या बेबीनंदाने मान वळवून आईकडे पाहिलं. पंधरा दिवस घोकलेलं पाचवं गोजरबाईच्या ओठांवर आलं. शेजारी बसलेली मालन मात्र अचानक गप्प झाली होती, मान खाली घालून.

गोजरबाईने ओठ मिटले.

सगळा मांडव पाचवं म्हणत राहिला. बेबीनंदाने मान फिरवली. दोघी बायका हात जोडून बसल्या होत्या, आणि चारही हातांना एकाच मडक्याची काजळी लागली होती.